घंटा, बीड आणि तेजसचा पंख
(व्याख्यानाचे शब्दांकन)



नाशिकला पंचवटीत, गोदावरीच्या काठी नारोशंकराचे मंदिर उभे आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या विजयाची खूण म्हणून पोर्तुगीजांची एक प्रचंड घंटा या मंदिरावर चढविली गेली. तिचा आवाज पंचक्रोशीत इतका दुमदुमत असे की तिने मराठी भाषेला एक वाक्प्रचारच देऊन टाकला. खणखणीत आवाजाच्या, बोलू लागला की थांबता न थांबणाऱ्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणण्याची आपली रीत आहे.

या वाक्प्रचारात पदार्थविज्ञानाचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. घंटेवर टोला एकच पडतो, क्षणार्धात पडतो. मग नाद इतका वेळ का रेंगाळतो? टोल्याने दिलेली ऊर्जा धातूत साठते, धातू क्षणात शेकडो वेळा आत-बाहेर होतो, आणि प्रत्येक हेलकाव्यात त्या ऊर्जेचा अगदी नगण्य अंश धातूच्या पोटात उष्णता होऊन जिरतो. घंटेचे कासे हे या बाबतीत कमालीचे कृपण. मिळालेली ऊर्जा ते आत जिरू देत नाही, नाद म्हणून सावकाश हवेला देत राहते. याच्या उलट वागणारा धातूही आपल्या परिचयाचा आहे. बिडाच्या पाइपावर हातोडा मारला तर ‘ठप्प’ असा मेलेला आवाज येतो आणि संपतो.

मिरज आणि कोल्हापूर या दोन गावांत पन्नासेक किलोमीटरांचे अंतर. मिरजेचा तंबोरा घडविणारा कारागीर भोपळा निवडतो, जवारी लावतो, तो सूर टिकावा म्हणून. कोल्हापूरच्या शिरोलीतला फाउंड्रीवाला इंजिनाचा ब्लॉक किंवा लेथचा बेड बिडात ओततो, त्यामागे एक कारण असे की कंपन तिथल्या तिथे मरावे. लेथचा बेड घंटेसारखा वाजू लागला तर पोलादाच्या दांड्यावर हत्याराच्या लहरी उमटतील. एकाला नाद हवा, दुसऱ्याला नको, आणि दोघेही पदार्थाच्या आतल्या वीणीशीच व्यवहार करीत असतात.

बिडाची ही किमया कशात आहे? बिडात शेकडा तीन-चार भाग कार्बन असतो आणि तो ग्रॅफाइटच्या पातळ, वाकड्यातिकड्या पापुद्र्यांच्या रूपात लोखंडात विखुरलेला असतो. कंपन सुरू झाले की या मऊ पापुद्र्यांशी आणि त्यांच्या कडांशी सूक्ष्म सरकणे, घासणे होते. ऊर्जा तेथे खर्ची पडते. आता त्याच रसात थोडे मॅग्नेशियम घातले तर ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात बसतो. फाउंड्रीत त्याला एसजी आयर्न म्हणतात. रासायनिक घटक जवळजवळ तेच, मात्र ताकद कितीतरी वाढते आणि कंपन जिरविण्याची शक्ती घटते. घटक तेच राहिले, त्यांची मांडणी तेवढी बदलली. आजच्या विषयाचे मर्म येथेच सापडते, म्हणून विमानाकडे जाण्याआधी बिडाच्या दारात थोडे थांबावे लागले.

विमानातही कार्बनच आहे, पण वेगळ्या वेषात. पॉलिअॅक्रिलोनायट्राइल नावाच्या कृत्रिम धाग्याला आधी हवेत दोनशे ते तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, मग प्राणवायूविरहित भट्टीत हजार अंशांच्या वर नेतात. कार्बनाखेरीज बहुतेक सारे उडून जाते आणि उरतो काळा, चकचकीत तंतू. त्याची जाडी सुमारे सात मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण दहावा हिस्सा. असे हजारो तंतू एका दिशेने अंथरून इपॉक्सी राळेत भिजवितात. राळेने भिजलेले हे पट्टे साच्यावर एकावर एक थर लावून बसवायचे आणि ऑटोक्लेव्ह नावाच्या दाबयुक्त भट्टीत पक्के करायचे. चांगल्या भागात शंभरातले सुमारे साठ भाग तंतू आणि चाळीस भाग राळ असते. यालाच संमिश्र किंवा कॉम्पोझिट म्हणतात. पोलादाच्या तुलनेत वजन पाव-पंचमांश आणि तंतूच्या दिशेने ताठरपणा त्याच्या तोडीचा. विमानाच्या अभियंत्याला आणखी काय हवे?

हवे असते. हलकी आणि ताठर वस्तू हादरते पुष्कळ, कारण कंपनाला अडविणारे वस्तुमान तिच्यात नसते. उडत्या विमानाच्या पंखाचे कंपन मुख्यतः भोवतालची हवाच शमविते, हे मान्य केलेच पाहिजे. संमिश्राचे कौतुक करताना कित्येक लेखांत ही गोष्ट सोयीस्करपणे वगळली जाते. पण विमानाच्या कातडीचे पातळ पत्रे, इंजिनालगतचे भाग, उपकरणांचे कोनाडे येथे पदार्थाचे स्वतःचे शमन कामी येते. ते नसेल तर कंपन दिवसामागून दिवस चालते, आणि थकव्याने तडा जातो. थकव्याचा तडा बहुधा कोणाला सांगून येत नाही.

अवकाशात तर हवेचा आधारही नाही. हबल ही अवकाश-दुर्बीण एप्रिल १९९० मध्ये सोडली गेली. तिच्या आरशातील दोषाची कथा सर्वांना ठाऊक आहे. पण दुसरा एक त्रास कमी लोकांना माहीत असतो. पृथ्वीच्या सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत जाताना तिचे सौरपंख तापमानाच्या धक्क्याने थरथरत आणि दुर्बिणीचा नेम हलत असे. ते पंख डिसेंबर १९९३ मध्ये बदलावे लागले. निर्वात जागेत थरथर शमविण्यासाठी पदार्थ, सांधे आणि मुद्दाम बसविलेली साधने यांखेरीज कोणी नसते. आपल्या इस्रोच्या उपग्रहांवरील अँटेनांच्या तबकड्या कार्बन संमिश्राच्या असतात, त्यांनाही हाच नियम लागू आहे.

मग कार्बन संमिश्र हे घंटेच्या जातीचे की बिडाच्या? उत्तर असे की ते दोन्ही आहे, कोणत्या दिशेने वाकवाल त्यावर ठरते.

ब्रिस्टल विद्यापीठातील अॅडम्स आणि बेकन यांनी १९७३ साली या प्रश्नाचा मूलभूत अभ्यास प्रसिद्ध केला. कार्बन-इपॉक्सीच्या पट्ट्या कंपित करून प्रत्येक हेलकाव्यात साठलेल्या ऊर्जेचा किती हिस्सा नाहीसा होतो, हे मोजायचे. आणि हवेचा वाटा हिशेबात मिसळू नये म्हणून मोजणी निर्वातात करायची. या परंपरेतील मोजण्यांचे जे आकडे पुढे पाठ्यपुस्तकांत रुळले ते बोलके आहेत. अतिताठर तंतूंच्या एका संमिश्रात तंतूच्या दिशेने वाकविल्यास हेलकाव्यागणिक शेकडा अर्ध्याहूनही कमी ऊर्जा जिरते. तंतूंना आडवे वाकविल्यास शेकडा चार. आणि थर एकमेकांवर घसरावेत अशा रीतीने पिळल्यास शेकडा सात. व्यवहारात याचा अर्थ काय? पहिल्या प्रकारात कंपनाची ऊर्जा निम्मी व्हायला सुमारे दीडशे हेलकावे लागतात, दुसऱ्यात सोळा, तिसऱ्यात नऊ-दहा. तीच राळ, तोच तंतू, दिशा तेवढी बदललेली.

कारण समजायला कठीण नाही. तंतूच्या दिशेने ताण दिला की भार तंतूच उचलतो. राळेपेक्षा तो साठ-सत्तर पटींनी ताठर असतो. म्हणून साठ-चाळीसच्या मिश्रणात राळेच्या वाट्याला ऊर्जेचा जेमतेम शंभरावा भाग येतो. कंपन जिरविण्याचे काम मुख्यतः राळ करते. इपॉक्सीचे लांब, गुंतलेले रेणू ताणाला लगेच प्रतिसाद देत नाहीत, किंचित मागे राहतात, आणि त्या मागे राहण्यात ऊर्जा उष्णता बनते. जिच्याकडे जिरविण्याची कला आहे तिच्या हाती एक टक्का, आणि ज्याला ती कला फारशी नाही त्या तंतूच्या हाती नव्याण्णव टक्के! आडवे वाकविले किंवा पिळले की राळेलाच भार सोसावा लागतो, आणि शमन एकदम वाढते. पण त्याची किंमत भरावी लागते. आडव्या दिशेने त्याच पदार्थाचा ताठरपणा वीस पटींहून अधिक घटलेला असतो. ताठरपणा आणि शमन यांचे हे वैर या शास्त्राच्या मुळाशी आहे.

येथे एक गंमत आहे. राळेचे स्वतःचे शमन शेकडा दहाच्या आसपास धरले आणि तिच्या हाती एक टक्का ऊर्जा, तर तंतूच्या दिशेने शमन शेकडा एक दशांश यायला हवे. मोजणीत ते सुमारे चौपट भरते. हिशेब चुकला म्हणावे तर गणित दोन ओळींचे आहे. मग ही वरची ऊर्जा जाते कोठे? तंतू स्वतः अगदीच कृपण नाही, थोडे तोही जिरवितो. पण तेवढ्याने भागत नाही. कागदावरची रचना आणि प्रत्यक्ष भट्टीतून निघालेली रचना यांत जो फरक असतो, तोही हिशेबात धरावा लागतो. तंतू सरळ आहेत असे आपण मानतो. सूक्ष्मदर्शकाखाली ते नदीच्या प्रवाहासारखे हलकेच वळलेले दिसतात. एक-दोन अंशांचे हे विचलन भाराचा काही अंश घसरणीत बदलते, आणि घसरण आली की राळ कामाला लागते. कोठे तंतू दाटीवाटीने एकमेकांना टेकलेले, कोठे नुसत्या राळेचे डबके. दाटीच्या जागी दोन तंतूंमधल्या राळेच्या पातळ पडद्यावर ताण एकवटतो. कोठे हवेचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिलेल्या, कोठे केसाहून बारीक भेग. यांतील प्रत्येक गोष्ट शमन थोडेथोडे वाढविते. शुद्ध गणिताला जे दिसले नाही ते त्या वळणांत आणि पोकळ्यांत लपलेले असते.

सर्वांत नाजूक जागा मात्र तंतू आणि राळ यांच्या सीमेवर आहे. कच्चा कार्बन तंतू राळेला नीट धरीत नाही. म्हणून कारखान्यात विद्युत-रासायनिक प्रक्रियेने त्याच्या पृष्ठभागावर प्राणवायूचे गट बसवितात आणि वर एक पातळ लेप देतात. विणकर ताण्याला खळ देतो तसेच हे. या लेपामुळे तंतूभोवती एक सूक्ष्म प्रदेश तयार होतो. तो धड तंतू नाही, धड राळ नाही. ही पकड सैल असेल तर कंपनात सीमेवर घर्षण होते आणि शमन वाढते. पण भार तंतूपर्यंत पोहोचत नाही आणि दमटपणा आत शिरतो. पकड घट्ट असेल तर भाग मजबूत होतो आणि शमन घटते. म्हणूनच काही संशोधकांनी उलटा विचार केला: शमन मोजून पकडीची परीक्षा करता येईल. भाग न फोडता त्याच्या आतल्या सांध्यांचे आरोग्य कळण्याचा हा एक मार्ग ठरला.

हे वैर मिटविण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. थरांच्या मध्ये रबरासारख्या चिवट पदार्थाचा पडदा घालून सगळे एकत्रच भट्टीत पक्के करायचे, हा एक सरळ उपाय. शमन भरपूर वाढते, ताठरपणा काहीसा जातो. शिवाय असा पडदा विशिष्ट तापमानातच उत्तम काम करतो, थंडीत काचेसारखा होतो आणि उन्हात लोळागोळा. दुसरा उपाय सरळ पट्ट्यांऐवजी विणलेले कापड वापरण्याचा. ताणा-बाण्याच्या वरखाली वळणांत राळेला जास्त काम मिळते. लांब तंतूंऐवजी आखूड तुकडे वापरले तर प्रत्येक टोकाशी राळेला घसरणीचा ताण सोसावा लागतो, तेथेही ऊर्जा जिरते.

पण या साऱ्यांत लक्षवेधी ठरले ते अमेरिकेतील रेन्सेलर पॉलिटेक्निक या संस्थेतील काम, आणि त्यात दोन नावे भारतीय वंशाची आहेत. निखिल कोरटकर हे मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर, पुलिकेल अजयन हे मूळचे केरळचे. या गटाने कार्बन नॅनोनलिका, म्हणजे मूळ तंतूच्याही हजारो पटींनी बारीक अशा कार्बनच्या पोकळ नळ्या, पॉलिकार्बोनेट प्लास्टिकमध्ये मिसळल्या. वजनाने अवघे दोन टक्के. ऊर्जा जिरविण्याचे माप दहापटींहून अधिक वाढले, असे त्यांनी २००५ साली ‘नेचर मटेरिअल्स’ या नियतकालिकात मांडले. कारण हे की इतक्या बारीक नळ्यांची एकूण पृष्ठभूमी अफाट असते, आणि ताण एका मर्यादेपलीकडे गेला की प्रत्येक नळी प्लास्टिकमध्ये किंचित सरकते, पुन्हा धरते, पुन्हा सरकते. बिडातल्या पापुद्र्यांचीच ही गोष्ट, अतिसूक्ष्म पातळीवर पुन्हा घडलेली. मात्र प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकच्या तुकड्यावर मिळालेला आकडा विमानाच्या पंखावर तसाच मिळेल अशी समजूत करून घेऊ नये. नळ्यांचे पुंजके होतात, राळ घट्ट होऊन तंतूंत नीट शिरत नाही. त्या अडचणी आजही संशोधकांना पुरून उरल्या आहेत.

पदार्थाच्या शमनावर विसंबून यंत्र उभे करण्याचे धाडस झालेच नाही असे नाही. जर्मनीच्या ब्योल्को कंपनीचे बीओ-१०५ हे हेलिकॉप्टर १९६७ साली प्रथम उडाले. हेलिकॉप्टरचे पाते फिरताना पुढे-मागेही डोलते. ते डोलणे वाढले तर जमिनीवर उभे असलेले यंत्र स्वतःलाच हादरवून मोडून टाकू शकते. म्हणून पात्यांच्या बुंध्याशी बिजागऱ्या आणि वेगळे शामक बसविण्याची रीत होती. या हेलिकॉप्टरात बिजागऱ्या गाळल्या गेल्या, वेगळे शामकही गाळले गेले. काचतंतूंच्या संमिश्राची पातीच वाकतील आणि त्यांच्या आतली वीणच डोलणे पुरेसे शमवील, हा हिशेब होता, आणि तो खरा ठरला. ते कार्बन नव्हे, काच होती. पण धडा तोच.

आता आपल्या घरातील गोष्ट. तेजस हे हलके लढाऊ विमान ४ जानेवारी २००१ रोजी बेंगळुरूच्या आकाशात प्रथम झेपावले. २००३ साली पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी त्याला हे नाव दिले. त्याच्या सांगाड्याच्या वजनातला सुमारे पंचेचाळीस टक्के भाग संमिश्रांचा आहे. पोखरणच्या १९९८ च्या चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले, उड्डाण-नियंत्रणाचे सहकार्य मध्येच तुटले. आणि तरीही विमान उडाले, हे सर्वज्ञात आहे. त्या मानाने कमी बोलले जाते ते थरांच्या कामाविषयी. पंखाच्या प्रत्येक इंचावर कोणत्या कोनात किती थर यावेत, कोठे संपावेत, वळणावर पट्टा कसा कापावा, हे ठरविण्यासाठी एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सीने ‘ऑटोले’ ही संगणक-आज्ञावली स्वतः घडविली. ती पुढे एअरबसने आपल्या ए-३८० या महाकाय विमानाच्या कामासाठी घेतली. ज्यांच्या दारात आपण तंत्रज्ञान मागायला जात होतो त्यांनी आपल्याकडून काही नेले, याचा आनंद मनमोकळेपणाने मानायला हरकत नाही.

पण आनंदात हिशेब विसरू नये. थर मांडण्याची विद्या आपली झाली. विमानाच्या दर्जाचा तंतू मात्र दीर्घकाळ परदेशातून आणावा लागला. आणि वर सांगितलेली सारी नाजूक रहस्ये, म्हणजे पृष्ठभागावरची प्रक्रिया, तो सूक्ष्म लेप, भट्टीतला ताण, ही तंतू करणाऱ्याच्या मुठीत असतात. तयार तंतू विकत मिळतो, त्याच्या लेपाची कृती कोणी सोबत देत नाही.

एक वेगळी वाट शेतातून जाते. जवसाच्या खोडातल्या धाग्यात कंपन जिरविण्याचा गुण कार्बनपेक्षा कितीतरी अधिक आहे. तो धागा स्वतः सूक्ष्म नळ्यांची जुडी असतो, आणि त्या एकमेकींवर घासतात. म्हणून युरोपात जवस आणि कार्बन यांचे थर एकत्र करून सायकलींच्या चौकटी बनविल्या गेल्या. बेल्जियमचा नामवंत सायकलपटू योहान मुसेऊ याच्या कंपनीच्या सायकली त्यांतल्या. खडबडीत रस्त्यावर हाताला कमी दणके बसतात, हा त्यांचा दावा. विदर्भातला शेतकरी जवस पेरतो तो तेलासाठी. धाग्याच्या जवसाचे वाण वेगळे, उंच वाढणारे, आणि त्याला थंड हवामान मानवते; तेव्हा उद्यापासून विदर्भात विमानाचा धागा पिकेल अशी स्वप्ने रंगवू नयेत.

शेवटी पुन्हा आवाजाकडे वळावे लागते. शमन वाढले म्हणजे पदार्थ सुधारला, असा समज या विवेचनातून होण्याचा संभव आहे. तो धोक्याचा आहे. पोकळ्या शमन वाढवितात, भेगा वाढवितात, सुटलेले थर तर पुष्कळच वाढवितात. एखाद्या पंखाचे शमन वर्षागणिक वाढत असेल तर अभियंत्याने खूश न होता काळजी करायला हवी. आतून तो तुटत चालला असण्याची शक्यता आहे. चांगल्या विमानाच्या भागात शंभरात एक-दोन भागांहून जास्त पोकळ्या म्हणूनच खपवून घेत नाहीत.

बाजारात माठ घेताना आपल्या आजी-पणजी तो बोटांनी वाजवून घेत. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर परत ठेवायचा, कारण डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळते. विमानतळांवरील दुरुस्ती-शाळांत ध्वनितरंगांची महागडी यंत्रे असतात. तरीही संमिश्राच्या भागाची तपासणी करणारा तंत्रज्ञ नाण्याने किंवा लहानशा हातोडीने पृष्ठभागावर टकटक करीत पुढे सरकतो आणि कान देतो. थर सुटला असेल तेथे आवाज बसतो. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तेजस मार्क-१-ए ची नवी जुळणी-मालिका उभी राहिली आणि तेथे बांधलेले पहिले विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये उडाले. नारोशंकराच्या घंटेपासून ते ठिकाण वीसएक किलोमीटरांवर आहे.